तापमानाच्या दोन कांड्या

रविवार, ६ जुलै २०२५

आषाढी एकादशी. खिचडी खाऊन पार्किंगमध्ये उतरलो, पावसाने उघडीप दिली होती. रबाळ्याच्या प्लँटमध्ये एकेका इन्स्ट्रुमेंटच्या लूपची नोंद ठेवणारा मी, घरच्या मोटरसायकलबद्दल आजवर एक ओळ लिहिलेली नाही. आता लिहितो. तीन आठवडे गाडी आजारी आहे आणि मी नुसते अंदाज बांधत फिरतोय.

गाडी २०० सीसी, सिंगल सिलिंडर, लिक्विड कूल्ड, फ्युएल इंजेक्शन. बीएस ६ लागू झालं त्याच वर्षी, २०२० च्या दिवाळीत घेतलेली. ४७ हजार किलोमीटर झालेत. रोजचा रस्ता कोलशेत, कापूरबावडी, कळवा पूल, विटावा, दिघा, ऐरोली, रबाळे.

तक्रार अशी: सकाळी थंड इंजिन एका सेल्फमध्ये उठतं आणि कळव्याच्या पुलापर्यंत सुरेख चालतं. विटाव्याच्या पुढे मिसिंग सुरू. हळू चालवताना गचके. सिग्नलला स्लो (ॲक्सिलेटर सोडल्यावरचे इंजिनचे फेरे) वर-खाली, कधी १९०० तर कधी एकदम १००० वर येऊन बंद. मागे उभ्या असलेल्याला पेट्रोलचा वास येतो म्हणे. चहाला पाच मिनिटं थांबून परत सुरू करायला जावं तर सेल्फ मारून मारून बॅटरी बसायची वेळ येते. ॲक्सिलेटर पूर्ण पिळून सेल्फ मारला की मात्र खोकत खोकत उठते. ॲव्हरेज ३८ वरून २९.

पिळून उठते ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते. थ्रॉटल पूर्ण उघडा आणि सेल्फ चालू, असं दिसलं की ईसीयू (इंजिन सांभाळणारा छोटा कॉम्प्युटर) पेट्रोल देताना हात आखडता घेतो, म्हणजे बुडालेलं इंजिन कोरडं व्हावं. म्हणजे माझं इंजिन बुडतंय. थंड असताना नाही, गरम झाल्यावर. इंजिनची पिवळी लाइट एकदाही पेटलेली नाही.

मंगळवार, ८ जुलै

प्लग काढला. काजळी, कोरडी, बोटाला लागणारी, देवघरातल्या समईच्या मागच्या भिंतीसारखी. रिच मिक्श्चर, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल जास्त, शंका नको. एअर फिल्टर मे महिन्यातच बदललेला, स्वच्छ आहे. नवा प्लग लावला.

नाक्यावरच्या मेकॅनिकला प्लग दाखवला. त्याने दोन सेकंद बघितलं आणि निकाल दिला, "दादा, ओटू सेन्सर गेला. साडेतीन हजार. कार्बोरेटर असता तर स्क्रूड्रायव्हरने पाच मिनिटांत करून दिलं असतं." त्याचं दुसरं वाक्य खरं आहे. पहिल्याबद्दल खात्री नाही. ओटू म्हणजे ऑक्सिजन सेन्सर, धुरातला ऑक्सिजन बघून मिश्रण कसं आहे ते सांगणारा. ऑक्सिजन सेन्सर "धूर रिच आहे" म्हणत असेल आणि धूर खरंच रिच असेल, तर बिचाऱ्याचा गुन्हा काय?

रविवार, १३ जुलै

स्कॅनर जोडला. ब्लूटूथवाला स्वस्तातला डोंगल आणि सहा पिनांची अडॅप्टर केबल. सीटखाली लाल कपलर आहे, त्यात. मोबाईलवर आकडे हळूहळू येतात, पण येतात. साठवलेला बिघाडाचा कोड एकही नाही.

रात्रभर उभ्या गाडीचे, इंजिन सुरू करण्याआधीचे आकडे:
हवेचं तापमान २८. इंजिनचं तापमान २२. मॅप सेन्सर (इंजिनात जाणाऱ्या हवेचा दाब) १०० किलोपास्कल, समुद्राकाठच्या ठाण्यात असायला हवा तेवढाच. थ्रॉटल सेन्सर बंद स्थितीत ०.६ व्होल्ट, हळूहळू पिळला तर कुठेही उडी न मारता वर जातो.

मग सुरू केली. कोलशेत खाडीपर्यंत आणि परत, वीस मिनिटं. परत आल्यावर तेच रडगाणं, स्लो डुगडुगता. ऑक्सिजन सेन्सर ०.८५ व्होल्टवर चिकटलेला. निरोगी असेल तर तो ०.१ आणि ०.९ च्या मध्ये सतत वर-खाली हवा. मेकॅनिकचं बरोबर असावं असं क्षणभर वाटलं. मग ५००० पर्यंत रेस देऊन एकदम सोडली. सोडताक्षणी आकडा ०.१ ला पडला आणि परत वर गेला. म्हणजे सेन्सर जिवंत आहे, पेट्रोल कमी झालं की सांगतोही. ०.८५ ही त्याची बिघाडाची नव्हे, तक्रारीची पातळी आहे. साडेतीन हजार वाचले.

इंजिनचं तापमान वीस मिनिटांनी ५१. पावसाळी हवा आहे, असेल. डॅशबोर्डवरही तापमानाच्या सहापैकी दोनच कांड्या असतात हल्ली. उन्हाळ्यात चार असायच्या. खरं सांगायचं तर गेला महिनाभर मी त्या दोन कांड्यांवर खूश होतो. घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकमध्येसुद्धा गाडी तापत नाही, काय कूलिंग आहे, असं ऑफिसात बोललोही.

शुक्रवार, १८ जुलै, रात्री

कापूरबावडीला पाऊण तास अडकलो. मांडीला भट्टीसारखी धग लागत होती, डॅशवर दोन कांड्या. मग टाकीखालून फुस्स आवाज, गोडसर वास, आणि बुटावर हिरवं पाणी. कूलंट उकळून रिझर्व्ह टाकीतून बाहेर आलं होतं. कडेला घेऊन बंद केली, अर्धा तास नुसता उभा राहिलो. (गरम रेडिएटरचं झाकण उघडायचं नाही, कितीही घाई असो. प्लँटवर एकाचा हात भाजलेला बघितलाय.)

घरी ढकलत आणताना लक्षात आलं की रेडिएटरचा फॅन फिरल्याचा आवाज मी कित्येक दिवसांत ऐकलेलाच नाही.

दोन कांड्यांवर कूलंट उकळत नसतं. कुणीतरी खोटं बोलतंय.

रविवार, २० जुलै

५१ अंशांच्या दोन गोष्टी होऊ शकतात. एक, इंजिन खरंच थंड राहतं: थर्मोस्टॅट उघडा अडकला की पाणी सारखं रेडिएटरमधून फिरतं आणि इंजिन तापतच नाही. दोन, इंजिन तापतं पण ईसीयूला ते कळत नाही. परिणाम दोन्हींत सारखाच. ईसीयूच्या मते इंजिन अजून गार आहे, म्हणून तो चोक ओढल्यासारखं जादा पेट्रोल देत राहतो आणि स्लो चढा ठेवतो. ऑक्सिजन सेन्सरचं म्हणणं तो ऐकायलाच घेत नाही, कारण इंजिन पुरेसं तापल्याशिवाय ते ऐकायचं नाही असा त्याचा नियम. फॅनही म्हणूनच लावत नाही. म्हणजे प्लगची काजळी, २९ चं ॲव्हरेज, ०.८५ व्होल्ट, गरम असताना न उठणं, सगळं एका आकड्यातून निघतंय.

शुक्रवारच्या उकळीनंतर दुसरी शक्यता जड होती, पण मोजल्याशिवाय नाही. प्लँटवरून इन्फ्रारेड थर्मामीटर आणला होता. गाडी गरम करून सिलिंडर हेडवर, सेन्सरच्या शेजारीच, नेम धरला. ५३ अंश! स्कॅनरवर ५१.

थर्मोस्टॅट ऑर्डर करायला मोबाईल हातात घेतलासुद्धा. मग स्वतःलाच शिवी घातली. चकचकीत ॲल्युमिनियमवर इन्फ्रारेड गन कधी खरं सांगते का? उघडा धातू स्वतःची उष्णता फार कमी किरणांतून बाहेर टाकतो आणि आजूबाजूची परत फेकतो, त्यामुळे आकडा नेहमी खाली येतो. नवीन आलेल्या ॲप्रेंटिसना हे मीच शिकवतो. हेडवर मॅट काळ्या टेपचा तुकडा चिकटवला, दोन मिनिटं थांबलो, त्याच्यावर नेम धरला.

८७.

दोन खोटे साक्षीदार एकमेकांशी जुळत होते आणि मी निकाल देऊन मोकळा होत होतो.

गुरुवार, २४ जुलै

गटारी. बिल्डिंगमधली मंडळी गच्चीवर, मी पार्किंगमध्ये टॉर्च तोंडात धरून.

तापमान सेन्सरचा कपलर काढला, चावी ऑन केली. पिवळी लाइट लगेच पेटली, स्कॅनरवर पी०११८. म्हणजे सर्किट उघडं, व्होल्टेज वरच्या टोकाला. फॅनही घरघरत सुरू झाला, कारण सेन्सरच नाही म्हटल्यावर ईसीयू सावधगिरी म्हणून फॅन लावतो आणि स्वतःच्या मनाने एक तापलेल्या इंजिनचा आकडा धरतो. एका दगडात फॅनची मोटर, रिले आणि फ्यूज तिन्ही तपासून झाले.

तशीच, कपलर काढलेला ठेवून, गरम इंजिन सुरू केलं. एका सेल्फमध्ये उठलं. स्लो १५०० वर, महिनाभरात पहिल्यांदा स्थिर. सेन्सर काढला तर गाडी बरी झाली! म्हणजे सेन्सरच खराब. नवा मागवला, ६४० रुपये.

रविवार, २७ जुलै

सकाळी सेन्सर बदलला. १९ चा पाना लागतो, नवा तांब्याचा वॉशर, सांडलेलं कूलंट भरून घेतलं, हवा काढली. जागा अडचणीची आहे, टाकीचा पुढचा बोल्ट सैल करून हार्नेस (वायरींचा जुडगा) बाजूला ओढावा लागला. येऊरच्या पायथ्यापर्यंत फेरी मारली. स्कॅनरवर ८५, ८८, ९०. डॅशवर चार कांड्या. स्लो लोण्यासारखा. घरी येऊन आईला म्हटलं, झाली गाडी. ती म्हणाली, मग आता ते तेलकट फडकं बाल्कनीतून हलव.

दुपारी उगाच चाळा म्हणून जुना सेन्सर तपासला. स्वयंपाकघरातलं जुनं दुधाचं पातेलं, पाणी, प्लँटचा थर्मामीटर, दोऱ्याने टांगलेला सेन्सर, मल्टिमीटर. हा सेन्सर म्हणजे थर्मिस्टर, तापला की रोध कमी होतो. माझे आकडे: २० अंशांला (बर्फाचे दोन खडे टाकून) २५१० ओहम, ३० ला १७००, ४० ला ११८०, ५० ला ८३५, ६० ला ६००, ८० ला ३२५, ९० ला २४५. उकळीला आला तेव्हा १९० च्या आसपास. कागदावर मांडले तर सुरेख वाकडी रेघ, मध्ये कुठे खड्डा नाही. थंड करून पुन्हा तापवला. तेच.

सेन्सर ठणठणीत आहे.

इथे माझ्यातल्या इन्स्ट्रुमेंटवाल्याने थांबायला हवं होतं. जो पार्ट बदलून दुरुस्ती झाली तोच पार्ट निर्दोष निघाला, तर दुरुस्ती कशाने झाली? पण गाडी चालत होती, रविवार होता, जेवण जड झालं होतं. आकड्यांचा कागद वहीत ठेवला आणि झोपलो.

शनिवार, २ ऑगस्ट

पाच दिवस उत्तम चालली. काल दिवसभर पाऊस, संध्याकाळी विटाव्याच्या रेल्वे पुलाखाली घोटाभर पाणी. आज सकाळी कळवा ओलांडला आणि गचका. डॅशवर दोन कांड्या.

नव्या सेन्सरसकट.

रविवार, ३ ऑगस्ट

आजचा दिवस नीट लिहून ठेवतो.

आधी सर्किट कसं आहे ते. ईसीयू आपल्या पोटातल्या एका रोधकातून ५ व्होल्ट एका वायरवर सोडतो. ती वायर सेन्सरला जाते, सेन्सरमधून दुसऱ्या वायरने परत येते. पोटातला रोध ठरलेला, सेन्सरचा बदलता, त्या दोघांच्या वाटणीत मधल्या जागी जे व्होल्टेज उरतं त्यावरून ईसीयू तापमान काढतो. वायर तुटली तर ५ व्होल्ट, पी०११८. शॉर्ट झाली तर शून्य, पी०११७. ही दोन टोकं सोडून मधलं काहीही आलं तर माझ्या गाडीचा ईसीयू त्यावर विश्वास ठेवतो. पूर्ण मेलेला सेन्सर लाइट लावून जातो. अर्धवट खोटं बोलणारा पकडला जात नाही, कारण ५१ अंश हे उत्तर अशक्य नाही.

२४ तारखेची चूक इथेच होती. कपलर काढल्यावर गाडी बरी झाली यावरून एवढंच सिद्ध होत होतं की ईसीयूला मिळणारा आकडा चुकीचा आहे. तो सेन्सरमुळे चुकतोय की वायरमुळे, हे त्यातून कळतच नव्हतं. मी कपलरच्या ज्या बाजूला बघायला सोपं होतं, तिकडे बघितलं.

तर आज सेन्सर बाजूला ठेवला आणि कपलरच्या दोन पिनांना वेगवेगळे रोधक जोडून ईसीयू काय म्हणतो ते बघितलं. कामावर ट्रान्समीटर तपासताना रोज हेच करतो.

३३० ओहम जोडले. माझ्या पातेल्याच्या कागदानुसार ७९-८० अंश दिसायला हवेत. दिसले ४७.
२२०० ओहम. २३ दिसायला हवेत. दिसले १७.

कागदावर उलट बघितलं: ४७ अंश म्हणजे साधारण ९३० ओहम, १७ म्हणजे २८००. दोन्ही ठिकाणी ६०० जादा. टक्केवारीत नाही, सरळ ६००. वाटेत कुठेतरी ६०० ओहमचा एक पाहुणा रांगेत उभा आहे.

मग शेवटचं. दोन्ही पिना तारेच्या तुकड्याने थेट जोडल्या. शून्य ओहम. ईसीयूने शॉर्ट म्हणून बोंब मारायला हवी. तो शांतपणे म्हणाला, ६० अंश.

मोठ्याने हसलो. वॉचमन बघायला आला.

इंजिन थंड असताना गाडी का चांगली चालायची तेही आता कळतं. गार इंजिनला सेन्सरचा स्वतःचाच रोध दोन हजाराच्या घरात, त्यात ६०० मिळवले तर चार-सहा अंशांचा फरक पडतो. तापल्यावर सेन्सर २५० वर येतो, त्यात ६०० मिळवले तर तिपटीहून जास्त. चूक तेवढीच, पण इंजिन जितकं गरम तितकी ती मोठी दिसते. प्लँटमध्ये पीटी-१०० या तापमानाच्या सेन्सरला दोनच्या ऐवजी तीन वायरी टाकतात त्या याच भीतीने, की वायरचा रोध तापमानात मिसळू नये. दहा वर्षं हे काम करतोय.

मागची पानं उलटली. १३ जुलै: रात्रभर उभी गाडी, हवा २८, इंजिन २२. रात्रभर उभं राहिलेलं इंजिन बाहेरच्या हवेपेक्षा सहा अंश गार कसं असेल? फ्रीजमध्ये ठेवलं होतं का? पहिल्याच दिवशी, पहिल्याच ओळीत उत्तर माझ्या हस्ताक्षरात लिहिलेलं होतं.

बुधवार, ६ ऑगस्ट

पाऊस. काही केलं नाही. बसने गेलो.

शनिवार, ९ ऑगस्ट

राखी पौर्णिमा. ताई नेरुळहून आली, सोबत भाचा, सातवीतला. ओवाळून झालं, नारळीभात झाला, मग तो म्हणाला मामा गाडी बघू. बघू म्हणजे चालवू. त्याला मदतनीस म्हणून भरती केलं.

आधी डोक्यात वाट अर्धी केली. सेन्सरची परतीची वायर थ्रॉटल सेन्सर आणि मॅप सेन्सर यांच्याबरोबर एकाच ठिकाणी मिळते. ती सामायिक वाट खराब असती तर त्या दोघांचे आकडेही बिघडले असते, आणि ते दोघे पहिल्यापासून सरळ आहेत. म्हणजे दोष सिग्नल वायरमध्ये तरी, नाहीतर परतीच्या वायरच्या शेवटच्या वीतभर तुकड्यात. सीट आणि टाकी उतरवली, पेट्रोलची नळी काढून बूच लावलं, गरम इंजिन आणि चावी ऑन. ईसीयूच्या कपलरमध्ये मागून पिन खुपसली, दुसरी पिन सेन्सरच्या कपलरमागे. एकाच वायरची दोन टोकं, व्होल्टेज दोन्हीकडे सारखं हवं. ईसीयूपाशी १.४ व्होल्ट, सेन्सरपाशी ०.५. तेवढ्या वायरीत जवळजवळ एक व्होल्ट नाहीसा होतोय. परतीची वायर स्वच्छ, काही मिलिव्होल्ट.

(रोध मोजायचाच म्हटला तर आकडा नाचतो. मीटर लावला तर ४८०, परत लावला तर ७१०, दाबला तर ९०. गंजलेला जोड असाच वागतो. चालू सर्किटवर व्होल्टेज बघितलं तर तो लपू शकत नाही.)

मग भाच्याच्या हातात मोबाईल दिला. काम एकच, इंजिनचं तापमान मोठ्याने वाचत राहायचं. मी हार्नेस एकेक वीत हलवत निघालो.

"५२. ५२. ५२. मामा ५२. ५३. ५२."

ईसीयूपासून बॅटरीपर्यंत काही नाही. चौकटीच्या नळीलगत, काही नाही. स्टिअरिंगच्या मानेजवळ हार्नेस वळतो, तिथे आवरणाबाहेरून चिमटीत धरून दाबला.

"८६! मामा ८६! ८६ झालं!"

सोडला. "५५." दाबला. "८६." त्याला वाटलं मी जादू करतोय. अंधार झाला होता, ताईला परतायचं होतं. जागेवर कापडाची चिंधी बांधून वर गेलो. २७ जुलैला सेन्सर बदलताना मी हार्नेस नेमका तिथूनच बाजूला ओढला होता. पाच दिवसांचा आराम त्या ओढण्याचा होता, ६४० रुपयांच्या सेन्सरचा नव्हता.

रविवार, १० ऑगस्ट

सकाळी आवरण चिरलं. आत निळी टेप.

बाजारातली काळी नाही. निळी. आमच्या प्लँटच्या स्टोअरमध्ये मिळते तीच, माझ्या खिशात कायम असते ती.

ब्लेड तसंच हातात धरून बसलो. मग आठवलं. नोव्हेंबर २०२३, पार्किंगमध्ये उंदरांचा सुळसुळाट झाला होता, समोरच्याच्या कारची वायरिंग खाल्ली, माझ्या गाडीच्या तीन वायरी कुरतडल्या. रात्री बसून मीच जोडल्या. दोन वायरींना सोल्डरचा डाग दिला, तिसऱ्याला लाइट गेली. दुसऱ्या दिवशी फर्स्ट शिफ्ट. तांब्याच्या तारांना पीळ मारला, निळी टेप गुंडाळली, उद्या डाग देऊ म्हटलं. ती उद्या एकवीस महिने आली नाही.

टेप सोडवली. सोल्डर केलेले दोन जोड तसेच्या तसे, चकाकतायत. तिसरा पीळ हिरवा पडलेला, वर पांढरी भुकटी, तारा बोटाने मोडतात. स्टिअरिंगच्या मानेवरून पाणी ओघळतं ते बरोबर त्या वळणात साचतं, आणि सर्व्हिसिंगला प्रेशरने धुतात तेव्हाचं वेगळं. कामावर कुणी फील्ड वायरीला असा पीळ मारून ठेवला तर मी त्याच्या नावाने रिपोर्ट लिहितो. दोनदा लिहिलाय.

दुरुस्ती: तांबं लाल दिसेपर्यंत मागे कापत गेलो. दोन्हीकडे मिळून सात सेंटिमीटर काळवंडलेलं निघालं, पाणी केशवाहिनीसारखं आत शिरतं. तेवढ्याच जाडीच्या वायरचा तुकडा घातला, दोन्ही जोडांना डाग, वर आतून गोंद असलेली आकसणारी नळी. दोन जोड एकमेकांसमोर येणार नाहीत असे पुढे-मागे ठेवले. जोड वळणातून काढून सरळ भागात घेतले, हार्नेसला खाली झोळ दिला म्हणजे पाणी झोळाच्या टोकाशी ठिबकून जाईल. सेन्सरच्या कपलरचं रबर चिरलेलं नव्हतं, तिथे थोडं डायइलेक्ट्रिक ग्रीस. जुने दोन जोडही उघडलेच होते, त्यांनाही नळी चढवली.

तपासणी. पिना तारेने जोडल्या: पी०११७, पिवळी लाइट. इतक्या आनंदाने एरर कोड आजवर बघितला नव्हता. कोड पुसला. ३३० ओहम: ७९. २२००: २३. सेन्सर जोडून इंजिन तापू दिलं. ०.८५ ला चिकटलेला ऑक्सिजन सेन्सर ६५ अंशांच्या पुढे डोलायला लागला, ०.२, ०.७, ०.१, ०.८. इंजेक्टर स्लोवर ३.४ मिलिसेकंद उघडा राहायचा, आता २.४. उभ्या उभ्या तापवत नेलं, १०२ ला फॅन लागला, ९६ ला बंद. गॅलरीतून आई म्हणाली, हा कसला नवीन आवाज?

एका गोष्टीची धाकधूक आहे. महिनाभर इतकं पेट्रोल वाहून गेलं, त्यातलं थोडं सिलिंडरच्या भिंतीवरून खाली ऑइलमध्ये जातंच. डिपस्टिक हुंगली, पेट्रोलचा वास आला. ऑइल आणि फिल्टर आजच बदलले, मुदत व्हायला १५०० किलोमीटर बाकी होते तरी. काजळलेला नवा प्लग घासून परत लावला.

बुधवार, २० ऑगस्ट

१८ आणि १९ ला पावसाने झोडपून काढलं. दोन्ही दिवस घरी. गाडी पार्किंगच्या सखल टोकाला होती, पाणी अर्ध्या चाकापर्यंत आलं होतं. आज ओसरलं.

इंजिन सुरू करण्याआधी: हवा २६, इंजिन २६.

कळवा, विटावा, दिघा, गचका नाही. दिघ्याच्या पुढे मुद्दाम टपरीवर थांबलो, कटिंग घेतली, पाच मिनिटांनी सेल्फ मारला, अर्ध्या फिरक्यात उठली. टाकी फुल ते फुल ॲव्हरेज ३७. डॅशवर चार कांड्या, जॅममध्ये पाच.

मेकॅनिकला सांगितलं की ओटू सेन्सर नव्हता, एक वायर होती. तो म्हणाला, "कुणी जोडली होती अशी?" मी म्हटलं, होता एक.

बाकी कामं: कूलंट पूर्ण बदलायचं, उकळल्यानंतर नुसतं भरलंय. जुना सेन्सर पुडीत बांधून वर "चांगला" असं लिहून टूलबॉक्समध्ये ठेवला. उंदरांसाठी पार्किंगमध्ये पिंजरा, सोसायटीच्या मीटिंगमध्ये विषय काढायचा. आईला नवं पातेलं.